घरी बांधलेले विमान : चुका आणि त्यांचे धडे



घरी लोणचे घालतात, गोधडी शिवतात, फार तर सुताराला हाताशी घेऊन अंगणात बैलगाडी बांधतात. पण घरी कोणी विमान बांधतो असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला हसू येईल. विमान म्हणजे मोठा कारखाना, हजारो कामगार आणि अवाढव्य यंत्रे, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मोटार ठेवायच्या खोलीत किंवा परसातल्या छपराखाली, नोकरीधंदा सांभाळून, रोज संध्याकाळी दोन-दोन तास खपून दोन माणसांचे विमान बांधणारे आणि त्यातून प्रत्यक्ष उडणारे हजारो हौशी लोक जगात आहेत.

अशा लोकांची सर्वांत मोठी संघटना अमेरिकेत आहे. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी या शहरात पॉल पोबेरेझ्नी यांनी ती स्थापन केली. दरवर्षी उन्हाळ्यात ऑशकॉश या गावी तिचा मेळा भरतो. आपल्याकडे जत्रेला गाड्या जमतात, तशी तिथे विमाने जमतात. ओरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रुनस्वेन यांनी १९७० नंतरच्या दशकात धातूच्या छोट्या विमानांचे नकाशे आणि सुटे भाग विकण्याचा धंदा सुरू केला. त्यांच्या आराखड्यांवरून लोकांनी बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर आकाशात गेली आहेत. आणि फार दूर कशाला? आपल्या मुंबईत कांदिवलीला वैमानिक अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी रीतसर नोंदणी झाली.

आज या विमानांच्या कौतुकापेक्षा ती बांधताना होणाऱ्या चुकांविषयी बोलायचे आहे. दहा हजारांहून अधिक रिव्हेट ठोकायचे, दीड-दोन हजार तास काम करायचे, आणि चूक मात्र एकही करायची नाही, असे कोणत्याही माणसाच्या हातून होत नाही. मग इतक्या चुका होऊनही विमान सुखरूप उडते कसे? आणि काही वेळा ते पडते, ते कोणत्या चुकीने? घरच्या विमानाच्या अनुभवातून मिळालेले उत्तर असे, की बहुतेक चुका सापडल्या की साध्या असतात. जी झाकली गेली, जी घाईने सावरली किंवा जी दुसऱ्या कोणाला दाखवलीच नाही, ती चूक जिवावर येते. हे कसे, ते एकेक उदाहरण घेऊन पाहू.

त्याआधी ज्या पत्र्याचे विमान बनते तो पत्रा समजून घ्यायला हवा. शुद्ध ॲल्युमिनियम हलके खरे, पण मऊ. घरातल्या पातेल्याला सहज पोचा पडतो, तो यामुळेच. १९०६ साली आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञाला आढळले, की ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घालून ते तापवले, पाण्यात झटकन थंड केले आणि काही दिवस तसेच ठेवून दिले, तर ते आपोआप पुष्कळ कठीण होते. या मिश्रधातूला पुढे ड्युरालुमिन म्हणू लागले. त्याच घराण्यातला, शेकडा सुमारे साडेचार भाग तांबे असलेला पत्रा आज घरगुती विमानांत वापरतात. तो वजनाला पोलादाच्या साधारण एकतृतीयांश असतो आणि जाडी बहुतेक ठिकाणी अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा विमानाची ताकद जाडीत नसते. पातळ पत्रा, आतल्या फासळ्या आणि त्यांना जोडणारे रिव्हेट हे सगळे मिळून ताकद देतात. कणगीची एकेक कामटी वाकते, पण विणलेली कणगी धान्याचा भार सहज पेलते, तशातला हा प्रकार.

पहिली चूक भोकाची. रिव्हेटसाठी पत्र्याला ड्रिलने भोक पाडावे लागते. भोक पडले की त्याच्या कडेला धातूची बारीक, तीक्ष्ण कोर उभी राहते. नवशिक्या ती काढायला विसरतो किंवा कंटाळतो. हजारो भोके, प्रत्येक भोकाला दोन बाजू; कोण काढत बसणार? पण त्या कोरेत सुईच्या अग्राएवढी चीर दडलेली असू शकते. कापडवाल्याच्या दुकानात आपण काय पाहतो? तो कापडाच्या काठाला कात्रीने एवढीशी चीर देतो आणि मग टरकन कापड फाडतो. चीर दिली नाही तर जोर करूनही कापड फाटत नाही. ओढीचा सगळा जोर त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो, म्हणून ते फाटते. पत्र्याचेही तसेच आहे. विमान चढते, उतरते, वाऱ्यात हेलकावते, इंजिनाने थरथरते. दर वेळी पत्र्यावर थोडी ओढ पडते आणि चीर केसाएवढी पुढे सरकते. याला धातूचा थकवा म्हणतात. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा इकडेतिकडे वाकवली की तुटते. तोच हा थकवा.

हा धडा मोठ्या कारखान्यांनाही फार महागात शिकावा लागला आहे. इंग्लंडने बनवलेले कॉमेट हे प्रवाशांची वाहतूक करणारे जगातले पहिले जेट विमान. १९५४ साली जानेवारी आणि एप्रिल या महिन्यांत अशी दोन विमाने इटलीजवळ समुद्रात कोसळली आणि ५६ माणसे दगावली. पुढे फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या मोठ्या हौदात ठेवून, आत पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा वाढवून आणि कमी करून पाहिले. सुमारे तीन हजार फेऱ्यांच्या दाबानंतर ते धड फुटले. खिडकीच्या कोपऱ्याशी ताण एकवटत होता आणि तिथूनच चीर वाढत गेली होती. आता, घरच्या विमानावर एवढा दाब नसतो. पण नियम तोच: चीर नेहमी भोकाच्या, कोपऱ्याच्या आणि ओरखड्याच्या आश्रयाने जन्म घेते.

अगदी अलीकडचेही उदाहरण आहे. वर सांगितलेल्या ओरेगनच्या कंपनीकडे मागणी इतकी वाढली, की तिने काही भागांची भोके लेसर किरणांनी कापून घेतली. पत्र्याचा बाहेरचा भाग गुळगुळीत राहावा म्हणून काही भोकांची कड दाबून तिला छोट्या वाटीसारखा आकार देतात, म्हणजे रिव्हेटचे डोके त्यात बसते. लेसरने कापलेल्या काही भोकांच्या कडेला अशी वाटी करताना चिरा पडू लागल्या. २०२३ साली हे बांधणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते बोलून दाखवले. कंपनीला चाचण्या घ्याव्या लागल्या, कितीतरी भाग बदलून देण्याची तयारी करावी लागली. इतरही अडचणी होत्याच. त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले आणि २०२४ साली ती त्यातून बाहेर आली. नुकसान पैशांचे आणि कष्टांचे झाले खरे. पण जमिनीवर, टेबलावर, भिंगातून पाहणाऱ्या माणसाला चीर दिसली, हे त्यातले भाग्य.

दुसरी चूक रिव्हेटची, आणि त्याहून मोठी, ती सुधारण्याची. आपल्या बादलीच्या कानाला, घमेल्याच्या कडीला रिव्हेट असतात. ते सगळ्यांनी पाहिलेले आहेत. विमानात एका बाजूने हवेच्या दाबावर चालणारी ठोकणी मारतात आणि पलीकडून लोखंडी ठोकळा धरतात. मधला रिव्हेट दबून फुलतो. त्याचे माप ठरलेले आहे. सव्वातीन मिलिमीटर जाडीचा रिव्हेट घेतला, तर दबलेले डोके त्याच्या दीडपट, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास रुंद व्हावे आणि जाडीच्या निम्मे, सुमारे दीड मिलिमीटर, उंच राहावे. भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट आत असावा. काठाच्या फार जवळ भोक पडले तर मधली धातूची पट्टी फाटते. शर्टाचे काज कडेच्या फार जवळ घेतले तर ते उसवते, तसे.

ठोकळा जरा तिरका धरला की रिव्हेट एका बाजूला कलंडतो. बांधणाऱ्याच्या मनाला ते टोचते आणि तो लगेच ड्रिल उचलून रिव्हेट काढायला जातो. इथेच खरी गफलत होते. किंचित वाकडा रिव्हेट पुष्कळदा नियमांच्या मर्यादेत बसतो आणि आपले काम नीट करतो. तो काढताना ड्रिल घसरते, भोक लांबट होते, पातळ पत्रा ओरबाडला जातो. मग मोठा रिव्हेट घालावा लागतो. तोही तिरका बसला तर काठापासूनचे अंतर अपुरे पडते आणि शेवटी सगळी फासळीच टाकून द्यायची वेळ येते. एक साधी चूक सुधारताना तीन मोठ्या चुका होतात. म्हणून जाणकार सांगतात, की रिव्हेट बिघडला तर हत्यार खाली ठेवावे. आधी मापपट्टी लावून तो मर्यादेत आहे की नाही ते पाहावे. काढणे भागच असेल तर ते दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी करावे. आणि रिव्हेट काढण्याचा सराव आधी भंगार पत्र्यावर करावा. विमानावर पहिल्यांदा शिकू नये.

तिसरी चूक ऐकून आपण हसाल, पण ती फार जणांकडून होते. डावा पंख आणि उजवा पंख सारखे दिसतात, तरी ते एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. नकाशावर बहुधा एकच बाजू काढलेली असते आणि ‘दुसरी याच्या उलट’ एवढीच टीप असते. रात्री अकराला, थकलेल्या डोळ्यांनी काम करणारा माणूस पहिला भाग पाहून दुसरा तंतोतंत तसाच करतो. सकाळी बघतो तर काय, दोन्ही डावे! एका जोडीत डाव्या पायाच्याच दोन चपला निघाव्यात तशातली गत. यात जिवाला धोका नाही. पत्रा, पैसा आणि आठवडाभराचे काम मात्र वाया जाते. उपाय अगदी साधा आहे. भोक पाडण्यापूर्वी दोन्ही भाग टेबलावर समोरासमोर ठेवावेत, प्रत्येकावर डावा-उजवा, वर-खाली, पुढे-मागे असे लिहावे, आणि मगच ड्रिलला हात घालावा.

लिहिण्यावरून चौथी गोष्ट निघाली. पत्र्यावर खूण करताना सुताराच्या सवयीने शिसपेन्सिल किंवा टोचणी वापरली जाते. टोचणीची रेघ म्हणजे ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे चिरेला आमंत्रण. पेन्सिलीतले शिसे म्हणजे वास्तविक ग्रॅफाइट. दमट हवेत ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम एकत्र राहिले की वीजघटासारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. लोखंडी तारेच्या घासणीने पत्रा घासला, तर तिचे बारीक कण पत्र्यात रुतून बसतात आणि पुढे तिथेही गंज धरतो. म्हणून शाईच्या, मऊ टोकाच्या पेनाने खूण करतात. पत्र्यावर कारखान्यातून येणारा पातळ प्लास्टिकचा थर ओरखडे पडू नयेत म्हणून असतो, पण तोच वर्षानुवर्षे तसाच राहिला तर त्याच्याखाली ओल धरून डाग पडतात. रक्षण करणारी वस्तूही वेळेवर काढली नाही तर घात करते. कोकणपट्टीत राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचा प्रताप काही वेगळा सांगायला नको.

पाचवी चूक मोजमापाची. समजा, पंखात दहा फासळ्या सारख्या अंतरावर बसवायच्या आहेत. एक माणूस पहिलीपासून दुसरी मोजतो, दुसरीपासून तिसरी, तिसरीपासून चौथी. दर वेळी अर्धा मिलिमीटर जास्त गेला, तर शेवटच्या फासळीपर्यंत साडेचार मिलिमीटरांचा फरक पडतो. दुसरा माणूस सगळी अंतरे पंखाच्या एकाच टोकापासून मोजतो. त्याचीही प्रत्येक खूण अर्ध्या मिलिमीटरने चुकेल, पण चुका एकीवर एक साचत जाणार नाहीत. शेत मोजणारे, पायाची आखणी करणारे गवंडी हे चांगले जाणतात. धड आणि पंख सरळ आहेत की त्यांना पीळ पडला आहे, हे पाहायला घरचे विमान बांधणारे आजही आपल्या गवंड्याचा ओळंबा वापरतात. पंख उभा टांगायचा, दोन्ही टोकांना ओळंबे सोडायचे आणि ते एका रेषेत येतात का ते पाहायचे. पंखाला पीळ राहिला तर सरळ उडतानाही विमान एका कुशीवर कलते. रिव्हेट मारून झाल्यावर तो पीळ काढता येत नाही. म्हणून शेवटचा पत्रा बंद करण्याच्या आधी ओळंबा, नंतर नव्हे.

सहावी चूक हुशारीची आहे. बांधणाऱ्याला मध्येच वाटते, नकाशा करणाऱ्यापेक्षा मला चांगले सुचले आहे. इथे जाड पत्रा घालू, हा नळ तिकडे नेऊ. जाड पत्र्याने वजन वाढते आणि एक जागा ताठ झाल्यामुळे ओढ शेजारच्या नाजूक जागेवर जाते. जागा बदलल्याने काय होते, त्याचे दुःखद उदाहरण १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात घडले. प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांनी घरी बांधलेले एक विमान विकत घेतले होते. ते धातूचे नव्हते, पण धडा सर्वांना लागू आहे. एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवण्याची कळ मूळ आराखड्यात जिथे होती तिथे न बसवता बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्यावर खुणाही नव्हत्या. हवेत ती फिरवण्यासाठी मागे वळावे लागे. चौकशीचा निष्कर्ष असा, की तसे वळताना पाय सुकाणूवर दाबला गेला, विमान ताब्याबाहेर गेले आणि समुद्रात कोसळले. बांधणाऱ्याने केलेला बदल त्याच्या स्वतःच्या अंगवळणी पडला असेल; पण विमान दुसऱ्याच्या हातात गेले, तेव्हा तो बदल त्याच्याबरोबर गेला. आपण केलेले काम आपल्यामागे कोण वापरणार आहे, याचा विचार कारागिराला करावाच लागतो.

मात्र सगळे खापर बांधणाऱ्याच्या माथी फोडणेही बरोबर नाही. नकाशाबरहुकूम बांधले तरी चूक नकाशातच असू शकते. झोडियाक नावाच्या एका छोट्या धातूच्या विमानाच्या एका प्रकाराचे २००६ सालापासून एकामागून एक अपघात झाले. हवेतच त्याचे पंख मोडत. असे सहा अपघात आणि दहा मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एप्रिल २००९ मध्ये ही विमाने जमिनीवरच ठेवावीत अशी तातडीची शिफारस केली. त्याच वर्षाअखेर पंख बळकट करण्याचे आणि पंखावरच्या हलत्या झडपांना समतोल वजन लावण्याचे बदल सुचवण्यात आले. पुढच्या तपासात एकच एक कारण सापडले नाही. पंखाची बांधणी, वेगात झडपांची होणारी फडफड, वेगमापकाचे चुकीचे आकडे आणि दांड्याचा फार हलकेपणा, अशा कितीतरी गोष्टींकडे बोट दाखवण्यात आले. अनेक लहान उणिवा एकत्र आल्या की मोठे संकट होते. ज्यांनी आपल्या विमानात हे बदल केले, त्यांना आधीच बांधून झालेले, रंगवलेले पंख पुन्हा उघडावे लागले. ‘माझे तर आजवर नीट उडते आहे’ असे म्हणून गप्प बसणे सोपे होते. पण आजवर नीट उडणे हा काही पुरावा नव्हे; थकवा आणि फडफड आधी वर्दी देऊन येत नाहीत.

आता विमान बांधून झाले. या शेवटच्या टप्प्यावर घाई सर्वांत जास्त असते आणि चुका सर्वांत घातक. पहिली गोष्ट वजनाची. बैलगाडीत मागे जास्त ओझे भरले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. विमानाचा भार शेपटीकडे गेला तर नाक वर जाते, ते खाली आणता येत नाही आणि शेवटी पंखांचा आधार सुटतो. म्हणून प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून विमान तोलतात आणि गुरुत्वमध्य कुठे येतो ते गणिताने काढतात. अंदाजाने नाही.

दुसरी गोष्ट दांड्याची. पंखावरच्या झडपांच्या तारा किंवा दांड्या उलट जोडल्या गेल्या, तर वैमानिक डावीकडे वळायला जाईल आणि विमान उजवीकडे कलेल. घरच्याच नव्हे, कारखान्यात दुरुस्त होऊन आलेल्या विमानांतही हे घडलेले आहे. यावर एक सोपी युक्ती आहे. दांडा मुठीत धरून अंगठा वर ठेवायचा. दांडा डावीकडे कलला की अंगठा डाव्या पंखाकडे झुकतो. त्या बाजूची झडप वर उठलेली दिसली पाहिजे. अंगठा जिकडे, वरची झडप तिकडे. उड्डाणापूर्वी दर वेळी हे पाहायचे. दहा सेकंदांचे काम आहे.

तिसरी गोष्ट इंधनाची. टाकीच्या सांध्याला लावलेल्या लुकणाचा एखादा तुकडा किंवा ड्रिलचा कीस टाकीत राहिला, तर तो गाळणीत अडकून इंजिन बंद पाडतो. अमेरिकेच्या त्याच मंडळाने २०१२ साली घरच्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजिन बंद पडणे आणि विमान ताब्याबाहेर जाणे ही दोन कारणे ठळकपणे पुढे आली, आणि पहिल्या काही उड्डाणांत धोका अधिक असल्याचे दिसले. म्हणूनच तिथे नव्या विमानाने सुरुवातीचे साधारण २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच, प्रवासी न घेता उडावे असा नियम आहे. बायकोमुलांना बसवून आणण्याची हौस कितीही असली तरी तोवर थांबायचे.

मग या सगळ्या चुकांमधून घरचे विमान बांधणाऱ्यांनी कोणती शिस्त बसवली? ती चार गोष्टींची आहे. पहिली, रोजची वही. आज काय केले, कोणता भाग बिघडला, तो कसा दुरुस्त केला, हे तारखेसह, छायाचित्रासह लिहून ठेवायचे. दुसरी, परका डोळा. अमेरिकेतल्या त्या संघटनेने अनुभवी सभासदांची अशी व्यवस्था केली आहे, की ते विनामूल्य घरी येऊन काम पाहतात. आपण रोज पाहतो ती वस्तू आपल्याला दिसेनाशी होते. पाहुण्याला ती चटकन दिसते. पत्रा बंद करण्यापूर्वी त्यांना बोलवावे, बंद केल्यावर पाहायला काही उरत नाही. तिसरी, प्रत्येक नट घट्ट केल्यावर त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक रेघ ओढायची. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते, आणि रेघच नसेल तर तो नट अजून घट्ट करायचा राहिला आहे हे कळते. आणि चौथी सर्वांत अवघड: थकलो, चिडलो किंवा घाई झाली की दिवा मालवून घरात जायचे. विमान उद्याही तिथेच असते.

शिक्षकबंधूभगिनींना एक सुचवावेसे वाटते. यातले बरेचसे वर्गात, पैसा न खर्चता दाखवता येईल. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या काठाला नखाएवढी चीर द्या, दुसरी तशीच ठेवा, आणि मुलांना दोन्ही ओढायला सांगा. पहिली पट्टी कुठे आणि किती सहज फाटते ते मुले स्वतः पाहतील. तिसऱ्या पट्टीला तशीच चीर देऊन तिच्या टोकाशी कागदाला भोक पाडायच्या यंत्राने गोल भोक पाडा. ताण गोलाईवर पसरतो म्हणून ती पट्टी बहुधा जास्त ओढ सहन करील. विमानाच्या बिनमहत्त्वाच्या पत्र्यावर चीर दिसली, तर कारागीरही तिच्या टोकाशी असेच बारीक भोक पाडून तिला थोपवतात, आणि मग वर ठिगळ लावतात. मोजमापाचा धडा द्यायचा तर पटांगणावर दहा खुंट्या दोन पद्धतींनी ठोकायला लावा, एकदा खुंटीमागून खुंटी मोजून आणि एकदा एकाच टोकापासून. शेवटच्या खुंटीपाशी येणारा फरक मुलांनीच मोजावा.

आणि गणिताच्या वहीतही एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. चुकलेले उदाहरण मुले खोडरबराने पुसून टाकतात, कारण लाल शेऱ्याची भीती असते. पुसू नका, शेजारी पुन्हा सोडवा, आणि पहिल्यांदा कुठे घसरलो ते एका ओळीत लिहा, असे सांगितले तर? पुसलेली चूक पुढच्या पानावर पुन्हा येते. विमान बांधणाऱ्याच्या वहीत तीच चूक तारखेसह नोंदलेली असते. तो स्वतः आणि त्याच्यामागून ते विमान विकत घेणारा परका माणूस, दोघेही त्या नोंदीच्या भरवशावर आकाशात जातात.